राज्यांच्या शाळांची तुलना : क्रमांकामागील अर्थ

शालेय शिक्षणात अमुक राज्य प्रथम आले, तमुक राज्य घसरले, अशा बातम्या अधूनमधून प्रसिद्ध होतात. त्या वाचून पालक सुखावतात किंवा चिंतित होतात. परंतु हे क्रमांक नेमके कशाचे मोजमाप करतात, हे समजून घेणे अगत्याचे आहे.

केंद्रीय शिक्षण मंत्रालय राज्यांना १००० पैकी गुण देऊन ‘कामगिरी श्रेणी निर्देशांक’ जाहीर करते. २०२०-२१ च्या निर्देशांकात केरळ, पंजाब व महाराष्ट्र यांना प्रत्येकी ९२८ गुण मिळाले. पुढच्याच वर्षी, २०२१-२२ मध्ये, एकाही राज्यास ७०० गुण गाठता आले नाहीत व महाराष्ट्र ६०० च्या खाली राहिला. एका वर्षात शाळा इतक्या बिघडल्या काय? नाही, मोजपट्टी बदलली होती. जुन्या पद्धतीत प्रशासकीय प्रक्रियांना ३६० गुण, तर प्रत्यक्ष अध्ययन निष्पत्तीला केवळ १८० गुण होते. नव्या रचनेत प्रशासनाचे गुण १३० वर आले व अध्ययनाचे २४० झाले.

दुसरे मोजमाप ‘परख राष्ट्रीय सर्वेक्षण’ होय. ४ डिसेंबर २०२४ रोजी तिसरी, सहावी व नववीच्या २१ लाखांहून अधिक विद्यार्थ्यांची चाचणी घेण्यात आली. त्यात पंजाब, हिमाचल प्रदेश व केरळ आघाडीवर राहिले. मात्र ही चाचणी शाळेत होते व तिच्यात खाजगी शाळांचाही समावेश असतो. त्यामुळे राज्याची सरासरी ही केवळ सरकारी शाळांची सरासरी नव्हे.

तिसरे मोजमाप ‘प्रथम’ संस्थेचा ‘असर’ अहवाल. २००५ पासून तिचे स्वयंसेवक ग्रामीण भागात घरोघरी जाऊन मुलांचे वाचन व गणित तपासतात. शाळेत न जाणारे मूलही त्यात येते; शहरे मात्र वगळली जातात. २०२४ च्या अहवालानुसार सरकारी शाळांतील तिसरीच्या मुलांपैकी देशभरात २३.४ टक्के मुलेच दुसरीचा उतारा वाचू शकली. २०२२ मध्ये हे प्रमाण १६.३ टक्के होते. सुधारणा निश्चित आहे, तथापि चारपैकी तीन मुले अजून मागेच आहेत.

म्हणून क्रमांकाची बातमी वाचताना तीन प्रश्न विचारावेत : काय मोजले, कोणाला मोजले आणि मोजपट्टी तीच आहे काय?

राज्याचा क्रमांक कोणताही असो, आपल्या गावच्या शाळेतील मूल वाचते की नाही, हे तेथेच पाहावे लागते. शिक्षण हक्क कायदा २००९ नुसार सरकारी व जिल्हा परिषद शाळांच्या व्यवस्थापन समितीत किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात. त्या बैठकीस जावे आणि तिसरीतील किती मुलांना दुसरीचे पुस्तक वाचता येते, एवढेच नम्रपणे विचारावे. त्याचे उत्तर कोणत्याही राष्ट्रीय अहवालापेक्षा आपल्या मुलांच्या अधिक उपयोगी पडेल.