आजारपणाची रजा : चिठ्ठी कोणाची, पगार कोणाचा?

"डॉक्टर, आठ दिवसांचं सर्टिफिकेट द्या, म्हणजे पगार कापणार नाहीत." आठवड्यातून दोन-चारदा तरी ही मागणी होते. माणूस खरोखर आजारी असतो, सर्टिफिकेटही खरे असते. पण पगार त्यावर मिळेलच असे नाही, हे पुष्कळांना ठाऊक नसते.

आजारपणाच्या रजेचा असा एकच कायदा आपल्याकडे नाही. कारखान्यात वीस दिवस कामाला एक दिवस भरपगारी रजा कायद्याने मिळते. ती वार्षिक रजा, आजारपणाची नव्हे. दुकाने-आस्थापनांच्या २०१७ च्या राज्य कायद्यात वर्षाला आठ किरकोळ रजा आहेत. अगदी लहान दुकानांना तोही लागू नाही. बाकी सारे कंपनीचे नियम नि करार.

आजारपणात खरा आधार म्हणजे राज्य कामगार विमा, आपली ईएसआय. २१ नोव्हेंबर २०२५ पासून तिचा १९४८ चा कायदा सामाजिक सुरक्षा संहितेत गेला, योजना चालूच आहे. तेव्हा पगारपत्रकावर ईएसआयची कपात दिसते का, ते आधी पाहा. दिसत असेल तर आजारपणात रजा मालकाची, पैसे मात्र विमा महामंडळाचे : मजुरीच्या ७० टक्के, वर्षात ९१ दिवसांपर्यंत. त्यासाठी ठरलेल्या सहामाहीत ७८ दिवसांची वर्गणी भरलेली हवी. आणि सर्टिफिकेट हवे ईएसआय दवाखान्याचे. माझ्यासारख्या खासगी डॉक्टरच्या कागदावर पैसे मिळवताना चकरा फार होतात. म्हणून औषध कोणाचेही घ्या, पण पहिल्याच दिवशी तिकडे नाव लावा.

टीबीच्या रुग्णांचे हाल यातूनच होतात. औषध किमान सहा महिन्यांचे. पंधरा-वीस दिवसांत ताप उतरतो, भूक लागते, घरात पैसे नसतात; माणूस पुन्हा मशीनवर उभा राहतो. मग पाळी बदलते, गोळ्या चुकतात आणि औषधाला दाद न देणारा टीबी गाठतो. वास्तविक ईएसआयच्या ३४ दीर्घ आजारांच्या यादीत टीबी आहे. दोन वर्षे नोकरी आणि त्यात १५६ दिवसांची वर्गणी असेल, तर ९१ दिवसांनंतरही ८० टक्के मजुरी चालू राहते. सगळ्यांनाच सहा महिने घरी बसावे लागत नाही. पुष्कळजण काही आठवड्यांनी हलके काम करू शकतात. ते डॉक्टरांनी ठरवावे, रिकाम्या डब्याने नव्हे. शासनाचे निक्षय पोषणाचे महिना हजार रुपये वेगळेच.

आता अपघात. बोट मशीनमध्ये सापडलेला कामगार येतो, सोबत मुकादम. "घरी दाराच्या फटीत सापडलं असं लिहा." साहेब, तसे लिहू नका म्हणावे! कामावरच्या इजेला ९० टक्के मजुरी आहे, वर्गणीच्या दिवसांची अट नाही. केसपेपरवर एकदा 'घरी लागले' असे आले की तो हक्क सिद्ध करणे फार कठीण होते. कारण विचारले की जिथे लागले ते ठिकाण व वेळ सांगा, कोणी कानात काहीही सांगो.

गर्भपात झालेल्या बाया तर तिसऱ्या दिवशी पॅकिंगला हजर होतात, लाजेपोटी कोणाला सांगतही नाहीत. त्यांना सहा आठवडे भरपगारी रजा आहे. ईएसआय असेल तर पैसे महामंडळाकडून, नसेल तर मालकाकडून. डॉक्टरांचा दाखला तेवढा मागून घ्यावा.