जुन्या मोटारीच्या रंगाला पुन्हा उजाळा

वाचकहो, संगमनेरला पुणे-नाशिक रस्त्याच्या कडेला घटकाभर उभे राहून येणाऱ्याजाणाऱ्या मोटारी पाहा. नव्या गाडीत आपले तोंड दिसेल. पण मधूनच एखादी जुनी गाडी येते, तिचा रंग मात्र विटलेला असतो. टपावर बोट फिरवले तर फळ्यावर लिहून झाल्यावर गुरुजींच्या हाताला लागते तशी भुकटी बोटाला लागते. मालक म्हणतो, "इंजिन ठणठणीत आहे हो, पण रंग गेला. आता सगळी गाडी रंगवावी लागणार!" आणि रंगाऱ्याचा आकडा ऐकला की तो गप्प बसतो.

खरोखरच रंग गेला आहे का? पुष्कळदा तो गेलेला नसतो, झाकलेला असतो. या दोहोंतला फरक ओळखता आला तर बराच पैसा वाचतो. म्हणून आज हा विषय.

आधी रंग म्हणजे काय ते पाहू. रंगात मुख्य तीन गोष्टी. एक रंगद्रव्याची बारीक पूड, दुसरी त्या पुडीला बांधून ठेवणारी राळ आणि तिसरा पातळ करणारा थिनर. थिनर उडून जातो. राळ व पूड मिळून पत्र्यावर कातडीसारखा थर बसतो. उन्हातील अतिनील किरण या राळेचे धागे तोडतात आणि हवेतला प्राणवायू त्या तुटलेल्या धाग्यांशी संयोग पावतो. यालाच ऑक्सिडीकरण म्हणतात. राळ सुटली की पूड मोकळी होते. पृष्ठभाग खडबडीत होऊन उजेड सरळ परत न येता सगळीकडे विखुरतो आणि गाडी पांढुरकी दिसते. टप आणि बॉनेट सर्वांत आधी विटतात, कारण दुपारचे ऊन त्यांच्याच माथ्यावर पडते.

शिक्षक मित्रांनो, हे वर्गात दाखवता येईल. लाल घोटीव कागदाच्या अर्ध्या भागावर जाड पुठ्ठा बांधा आणि तो उन्हाच्या खिडकीत महिनाभर ठेवा. पुठ्ठा काढल्यावर ऊन काय करते हे सांगावे लागणार नाही.

आता आपल्या घरातला दाखला घेऊ. तांब्याचा हंडा काळवंडला की आपण चिंच लावून घासतो. वरचा थर निघतो आणि खालचे लखलखीत तांबे दिसते. पण पितळी पातेल्याची कल्हई उडाली तर? मग कितीही घासा, कल्हई परत येत नाही. ती नव्यानेच करावी लागते. मोटारीच्या रंगाचेही तसेच आहे.

जुन्या गाड्यांचा रंग बहुधा हंड्यासारखा असतो. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापन केलेल्या प्रीमियर कंपनीची कुर्ल्याच्या कारखान्यात तयार झालेली फियाट, पुढे पद्मिनी. किंवा १९५० च्या दशकाच्या अखेरीस सुरू होऊन २०१४ साली बंद पडलेली अँबॅसडर. यांवर साधारणतः एकाच प्रकारच्या रंगाचे थर असत. वरचा मेलेला पापुद्रा काढला की खाली तोच रंग जिवंत सापडतो. अलीकडच्या गाड्यांवर मात्र रंगावर वार्निशासारखा पारदर्शक थर असतो. त्याला क्लिअर कोट म्हणतात. तो थर नुसता मंदावला असेल तर उजळतो. पण पापुद्रे सुटून पांढरे डाग पडले असतील तर ती उडालेली कल्हई समजा. तिथे पॉलिशचा खर्च पाण्यात.

परीक्षा सोपी आहे. गाडी धुऊन डिकीखालच्या कोपऱ्यात, पांढऱ्या फडक्यावर थोडे पॉलिश घेऊन चोळा. फडक्याला गाडीचा रंग लागला तर तुमची गाडी हंड्याच्या जातीची. नुसता मळ लागला तर वर क्लिअर कोट आहे.

आता कृती. सकाळी, सावलीत आणि पत्रा थंड असताना काम काढा. आधी भरपूर पाणी सोडून धूळ वाहू द्या. कोरड्या फडक्याने पुसू नका, कारण धुळीचे कणच चरे पाडतात. कपड्यांची पावडर किंवा सोडा नको, गाडीचा सौम्य शांपू घ्या. बोअरचे जड पाणी अंगावर वाळू देऊ नका, क्षाराचे डाग बसतात. रबर आणि काचेच्या कडांना चिकटपट्टी लावा.

मग रबिंग कंपाउंड. एका वेळी दोन फूट चौरस जागा घ्या. मऊ, ओलसर फडक्यावर थोडे कंपाउंड घेऊन हलक्या हाताने सरळ रेषेत चोळा. फडके सारखे पालटा. दारांच्या कडा आणि पत्र्याच्या उंच घड्या यांवर रंग सर्वांत पातळ असतो, तिथे हात जपून. लक्षात ठेवा, क्लिअर कोटची जाडी मिलिमीटरच्या विसाव्या भागाच्या आसपास, म्हणजे साधारण केसाहूनही कमी. यंत्राची चकती एका जागी थांबली तर रंग जळतो. म्हणून पहिल्यांदा हातानेच करा. त्यानंतर बारीक पॉलिश आणि शेवटी मेण.

मेण विसरू नका, बरं का! घासून उघडा पडलेला रंग उन्हासमोर निराधार असतो. हंडा घासला तरी महिन्याने पुन्हा काळवंडतोच ना? मेणाचा थर तीन-चार महिन्यांनी पुन्हा द्यावा.

एक सावधगिरी. जुन्या रंगात शिसे असू शकते. म्हणून कोरडा पॉलिश पेपर घासून धूळ उडवू नका. वॉटर पेपर पाण्यातच वापरा, तोंडाला फडके बांधा, पोरांना लांब ठेवा आणि ते पाणी विहिरीजवळ किंवा प्रवरेच्या पात्राकडे जाऊ देऊ नका. जिथे गंज दिसतो तिथे पॉलिशचा उपयोग नाही. गंज खरवडून, प्रायमर देऊन तेवढाच भाग रंगवून घ्यावा.

आणखी एक गोष्ट. विटलेली गाडी पाण्याने भिजली की घटकाभर नवी दिसते, कारण पाणी खाचखळगे भरून काढते. रॉकेल किंवा तेलाचा हात फिरवला तरी तसेच होते. जुनी गाडी विकताना कोणी हा डाव खेळतो. चार दिवसांत तेल धूळ धरते आणि गाडी पूर्वीहून वाईट दिसते. म्हणून गाडी घ्यायची तर कोरडी, उन्हात आणि बोट फिरवून पाहा.

आणि सगळी गाडी रंगवणे भागच पडले तर शक्यतो मूळचाच रंग द्या. रंग बदलला तर नोंदणीपुस्तकात तशी नोंद करून घ्यावी लागते. आपल्याकडच्या एमएच १७ क्रमांकाच्या गाड्यांसाठी हे काम श्रीरामपूरच्या परिवहन कार्यालयाचे. खाजगी मोटारीची नोंदणी पंधरा वर्षांनी नव्याने करावी लागते, तेव्हा कागद आणि गाडी यांचा मेळ बसलेला बरा.

ज्या गाडीतून पोरगी सासरी गेली, ज्या गाडीने आजारी म्हाताऱ्याला रात्री चंदनापुरीचा घाट ओलांडून दवाखान्यात नेले, ती केवळ पांढुरकी पडली म्हणून भंगारात काढू नका. आधी एका कोपऱ्यात फडके फिरवून पाहा. वितभर जागा उजळली तर बाकीची गाडीही उजळेल. त्यासाठी लागतो एक रविवार, थोडे मेण आणि न कंटाळणारा हात.