ऑइल सील बदलण्याआधी ब्रीदर बघा

पिस्टनच्या रिंगा कितीही चोख बसलेल्या असोत, सिलिंडरमधला थोडा वायू त्यांना चुकवून खाली क्रँककेसमध्ये उतरतोच. याला ब्लो-बाय म्हणतात. नव्या इंजिनातही तो असतो. रिंगा झिजल्या की वाढतो. त्यात न जळलेलं पेट्रोल असतं, तेल खराब करणारे आम्लधर्मी घटक असतात आणि पाण्याची वाफही असते. क्रँकच्या गरगर फिरण्याने उडणारे तेलाचे तुषार त्यात मिसळतात. हे सगळं आत कोंडलं तर दाब चढतो आणि तो वाट काढतो ऑइल सीलमधून, नाहीतर टॅपेट कव्हरच्या गॅस्केटमधून.

क्रँककेसला श्वास घ्यायला-सोडायला दिलेली वाट म्हणजे ब्रीदर. जुन्या गाड्यांत त्यासाठी एक नळी सरळ गाडीखाली सोडलेली असे. धावत्या गाडीखालचा वारा वायू ओढून घेई. गाडी उभी राहिली की ओढ संपली. शिवाय सगळी घाण हवेत. लॉस एंजेलिसच्या धुरक्याने हैराण झालेल्या कॅलिफोर्नियाने १९६१ मध्ये हा वायू परत इंजिनातच जाळायचा नियम केला आणि तो वायू इनटेककडे सोडणारा पीसीव्ही व्हॉल्व्ह घरोघरच्या गाड्यांत आला.

या व्हॉल्व्हच्या पोटात एक स्प्रिंग आणि सरकणारा छोटा दट्ट्या, एवढंच. पेट्रोल इंजिन आयडलवर असताना थ्रॉटल जवळपास बंद असतो, त्यामुळे इनटेक मॅनिफोल्डमधली ओढ खूप जास्त असते. पण ब्लो-बाय तेव्हाच सगळ्यात कमी. म्हणून जोराच्या ओढीने दट्ट्या पुढे सरकून वाट अरुंद करतो. थ्रॉटल उघडला की ओढ घटते, स्प्रिंग दट्ट्याला मागे ढकलते आणि वाट रुंदावते, कारण आता वायूही वाढलेला असतो. इंजिनाने उलटा भडका मारला तर दट्ट्या मागे आपटून वाट पुरती बंद करतो, म्हणजे ज्वाला क्रँककेसमध्ये शिरत नाही. ना वायर, ना सेन्सर. इतकं नेमकं काम करणारा इतका साधा भाग इंजिनात दुसरा क्वचितच सापडेल.

दुसऱ्या बाजूने ब्रीदरच्या नळीतून एअर फिल्टरची स्वच्छ हवा आत येते. पूर्ण थ्रॉटलवर ओढ उरत नाही, तेव्हा जास्तीचा वायू याच नळीने उलटा इनटेककडे जातो. टर्बो इंजिनात बूस्टचा दाब क्रँककेसमध्ये घुसू नये म्हणून एकदिशा व्हॉल्व्ह लागतो. डिझेलची गोष्ट वेगळी: तिथे ओढ फारशी नसतेच, म्हणून पडद्याचा दाब-नियंत्रक आणि तेल वेगळं करणारा सेपरेटर असतो.

तपासणी सोपी आहे. इंजिन आयडलवर ठेवून व्हॉल्व्ह टॅपेट कव्हरमधून उपसा आणि तोंडावर बोट धरा. बोट ओढलं गेलं पाहिजे. इंजिन बंद करून व्हॉल्व्ह हलवला तर आत खडखड वाजायला हवं. व्हॉल्व्ह कव्हरमध्येच कायमचा बसवलेला असेल, उपसता येत नसेल, तर तेलाचं झाकण काढून तोंडावर कागद ठेवा. तो हलकेच चिकटला तर ठीक. उडाला आणि धूर भपाभप आला, तर आधी नळ्या तुंबल्यात का पाहा. त्या साफ असूनही तसंच होत असेल तर बहुधा रिंगा संपल्या. झाकणाच्या आत पिवळट, साईसारखा थर दिसला तर बहुधा गाडी जेमतेम दोन-चार किलोमीटर फिरते आणि वाफ उडून जाण्याइतकं तेल तापतच नाही. कूलंटही घटत असेल तर मात्र हेड गॅस्केट तपासा.

क्रँकचं मागचं ऑइल सील बदलायला गिअरबॉक्स उतरवावा लागतो. तुंबलेला ब्रीदर तसाच ठेवून ते बदललं तर नवं सीलही गळू लागतं, आणि तो खर्च गाडीमालकावर पुन्हा पडतो.

थेट सिलिंडरमध्ये पेट्रोल फवारणाऱ्या इंजिनात इनटेक व्हॉल्व्ह पेट्रोलने धुतले जात नाहीत. ब्रीदरमधून आलेलं तेल त्यांच्यावर करपून कार्बन धरतं. त्यासाठी काहीजण वाटेत तेल अडवणारा डबा, म्हणजे कॅच कॅन, बसवतात. जरूर बसवा, पण त्याची नळी पुन्हा इनटेकलाच जोडा, हवेत सोडू नका, आणि तो वेळच्या वेळी रिकामा करा. भरलेला डबा ही वाट पुन्हा अडवतो.