आधी ऊन मोजा, मग मोगरा आणा

कुर्ल्यात नेहरूनगर किंवा चुनाभट्टीच्या एखाद्या इमारतीखाली उभं राहून वर पाहिलं, तर खिडक्यांच्या ग्रिलमध्ये तुळस, कोरफड आणि मनीप्लांट हटकून दिसतात. मोगराही असतो, पण बहुतेक घरी नुसत्या पानांचा. हातगाडीवरून कळ्यांनी लगडलेलं रोप घरी येतं, पहिला बहर होतो आणि मग वर्षभर हिरवा पाला. दोष खताला दिला जातो, मातीला दिला जातो. आमच्या हाताला गुणच नाही, असंही कुणी म्हणतं. खरं कारण बहुतेक वेळा ऊन हेच असतं. मोगऱ्याला दिवसाला निदान पाच तास थेट ऊन लागतं आणि इमारतीला इमारत खेटलेल्या वस्तीत ते प्रत्येक खिडकीच्या वाट्याला येत नाही.

शिवाय ऊन वर्षभर एका जागी राहत नाही. मुंबई साधारण १९ अंश उत्तर अक्षांशावर आहे. मेच्या मध्यावर आणि पुन्हा जुलैच्या अखेरीस सूर्य भरदुपारी थेट डोक्यावर येतो. या दोन्ही दिवसांच्या मधल्या काळात तो माध्यान्हीलाही किंचित उत्तरेला असतो. डिसेंबरात मात्र दक्षिणेकडे इतका कलतो, की भरदुपारीसुद्धा क्षितिजापासून ४७-४८ अंशांच्या वर चढत नाही. त्यामुळे दक्षिणेच्या खिडकीत थंडीत ऊन थेट खोलीत शिरतं, पण मेमध्ये तेच वरच्या छज्ज्यावर अडतं. उत्तरेच्या खिडकीला थंडीत ते शिवतही नाही. डिसेंबरात केलेली पारख मेमध्ये खोटी ठरते ती अशी.

माझ्या मते पूर्वेची मोकळी खिडकी ज्याला लाभली त्याने मोगरा लावावाच. त्याची फुलं नव्या फुटीवर येतात, म्हणून जानेवारी-फेब्रुवारीत छाटणी करावी आणि प्रत्येक बहरानंतर शेंडे खुडावेत. छाटायला हात धजत नाही, तिथेच मोगरा हातचा जातो. पश्चिमेचं दुपारनंतरचं कडक ऊन जास्वंद, सदाफुली आणि गोकर्ण सोसतात. जिथे ऊन येतच नाही तिथे फुलाफळांचा हट्ट सोडून पानांची झाडं लावावीत.

फळांत सुरुवात कागदी लिंबापासून करावी. बियांचं रोप फळायला चार-पाच वर्षं घेतं. गुटी कलम त्याच्या निम्म्या वेळात फळतं, म्हणून विकत घेताना कलमच मागावं. बागायतदार झाडाचं पाणी तोडून ताण देतात आणि बहार धरतात: आंबे बहार, मृग बहार, हस्त बहार. कुंडीतही तेच करता येतं. मात्र आपल्याकडे हस्त बहाराच्या आधी पावसामुळे ताण बसत नाही. त्यापेक्षा आंबे बहार सोपा. डिसेंबरअखेर पाणी कमी करत न्यावं, पानं दुपारी मलूल दिसू लागली की थांबावं, मग शेणखत घालून पाणी सुरू करावं. कुंडीत माती थोडी, म्हणून ताणही थोडाच.

लिंबाच्या कोवळ्या पानावर पक्ष्याची विष्ठा पडल्यासारखं काही दिसलं तर नीट बघा. ती लिंबावरच्या फुलपाखराची लहान अळी असते. मोठी झाली की हिरवीगार होते, आणि डिवचली तर डोक्यामागून नारिंगी, दुभंगलेलं शिंग बाहेर काढून उग्र वास सोडते. अशा दोन-तीन अळ्या लहानसं कलम बोडकं करतात. फवारणीची गरज नाही, हाताने वेचल्या की पुरे. एखादी मोठ्या फांदीवर राहू दिली, तर घरातल्या मुलांना फुलपाखरू होताना पाहता येईल.

ग्रिलमध्ये वजनाचा प्रश्न जिवावर बेतू शकतो. ओल्या लाल मातीने भरलेली १४ इंची कुंडी सहज २५-३० किलोची होते. यावर मुंबईनेच उत्तर शोधलेलं आहे. डॉ. आर. टी. दोशी यांनी गच्चीवरच्या शेतीसाठी उसाचं चिपाड वापरलं. मुंबई पोर्ट ट्रस्टच्या कँटीनच्या गच्चीवर प्रीती पाटील यांनी स्वयंपाकघरातल्या ओल्या कचऱ्यावर बाग उभी केली. त्या बागेमागे श्री. अ. दाभोळकरांच्या 'प्रयोग परिवार' या शेतीत प्रयोग करणाऱ्यांच्या चळवळीचा विचार होता. रसाच्या गाडीवरचं चिपाड फुकट मिळतं. ते वाळवून, तुकडे करून कुंडीत अर्ध्यापर्यंत भरावं, वर कंपोस्ट आणि थोडी माती. चिपाड कुजून खाली बसतं, तेव्हा अधूनमधून भर घालावी लागते. लिंबासारख्या अनेक वर्षांच्या झाडाला मात्र मातीचं प्रमाण वाढवावं आणि ती कुंडी ग्रिलमध्ये न टांगता जमिनीवर ठेवावी.

पावसाळ्यात आणखी एक काम टाळू नका. कुंडीखालच्या ताटलीत साठलेल्या पाण्यात डेंग्यू पसरवणारा एडिस डास आठ-दहा दिवसांत अंड्यापासून उडण्याइतका होतो. त्याची अंडी कडेला चिकटून कोरड्यातही तग धरतात, म्हणून ताटली नुसती उपडी न करता आठवड्यातून एकदा घासून काढावी. शक्य असेल तर पावसाचे चार महिने ताटल्या काढूनच ठेवाव्यात.

नवीन रोप आणण्याआधी सुट्टीच्या दिवशी सकाळी आठ, दुपारी बारा आणि चार वाजता खिडकीत ऊन कुठवर येतं, तिथे खडूने खूण करा. हेच मे, ऑगस्ट आणि डिसेंबरात करा, आणि मगच नर्सरीत जा.