लाखोळी, मजुरी आणि पांगळेपणा

आपल्या भंडारा जिल्ह्यात धान कापणीस आले म्हणजे बांधीत ओल शिल्लक असतानाच उभ्या पिकात लाखोळीचे बी फेकण्याची रीत फार जुनी आहे. तीस नांगरट नको, खत नको, पाणी नको. धान निघाल्यावर उरलेल्या ओलीवर हे पीक वाढते व माघ-फाल्गुनात हाती येते. पाऊस उणा झाला तरी ते तगते, अधिक झाला तरी सहसा मरत नाही. ज्या वर्षी दुसरे काही पिकत नाही त्या वर्षीही लाखोळी पिकते. हा तिचा मोठा गुण होय. आणि तिची जी अपकीर्ती झाली तिचे मूळही याच गुणात आहे. ते कसे, हे वाचकांपुढे मांडण्याचे आम्ही योजिले आहे.

लाखोळी पुष्कळ प्रमाणात व पुष्कळ दिवस खाणाऱ्यास एक विशिष्ट पांगळेपणा येतो. पोटऱ्या आखडतात, पाय ताठर होतात, मनुष्य चवड्यांवर अडखळत चालू लागतो. पुढे एक काठी लागते, मग दोन. आणि रोग फार वाढल्यास हातांच्या आधाराने सरपटणे नशिबी येते. बुद्धी शाबूत राहते, हातही बहुधा चांगले राहतात. पण गेलेले पाय कोणत्याही औषधाने पूर्ववत होत नाहीत. आयुर्वेदाच्या ग्रंथांत यास कलायखंज म्हटले आहे. लाखोळीतील ज्या विषद्रव्यामुळे हे घडते ते 1964 साली भारतीय संशोधकांनी वेगळे काढून दाखविले.

आता शंका अशी येते की, लाखोळीची डाळ पूर्वी मालगुजाराच्या वाड्यातही शिजत असे आणि त्याच्या सालगड्याच्या झोपडीतही शिजत असे; मग पांगळेपणा झोपडीतच का शिरला? दाण्यातील विष दोन्हीकडे सारखेच होते. भेद ताटाचा होता. वाड्यातील ताटात भात, भाजी, दूधतूप असे व त्यांच्या जोडीस डाळ असे. झोपडीत तीच भाकरी व तेच वरण. ज्याच्या आहाराचा सुमारे तिसरा हिस्सा वा त्याहून अधिक भाग दोन-तीन महिने सतत लाखोळीचा असतो, त्यासच मुख्यतः हा धोका संभवतो. दाणा कोणाच्या घरी गेला यापेक्षा त्याच्या जोडीस दुसरे काही गेले की नाही, यावर सारे अवलंबून आहे.

इतिहास हेच सांगतो. सागर प्रांतात 1829 साली गारपिटीने, 1830 साली अवर्षणाने व 1831 साली तांबेऱ्याने गहू बुडाला. लाखोळी मात्र उभी राहिली. लोकांनी तीच खाऊन दिवस काढले आणि 1833 पासून तरणीताठी माणसे कमरेखाली लुळी पडू लागली, असे स्लीमन या इंग्रज अधिकाऱ्याने लिहून ठेविले आहे. 1896-97 व 1899-1900 या दुष्काळांच्या काळात मध्यप्रांतातही हा रोग बळावला. आपला जिल्हा त्या वेळी त्याच प्रांतात मोडत असे. दुष्काळ नसतानाही तो जेथे टिकून राहिला, त्या रीवा भागात कर्जापायी मालकाशी बांधलेल्या मजुरास मजुरी म्हणून लाखोळीच मापून देत असत. सर्वांत स्वस्त धान्य मजुरीस, हा त्यातील हिशेब होता.

कोणी म्हणतील की, गरीब अडाणी असतात, समजावून सांगितले असते तर त्यांनी ती खाल्ली नसती. त्यांनी युरोपातील एक उदाहरण ध्यानी घ्यावे. दुसऱ्या महायुद्धात, 1942 साली, रुमानियाच्या ताब्यातील व्हापनियार्का येथील छावणीत डांबलेल्या ज्यू बंदिवानांस हेच धान्य रोज खाऊ घातले गेले. त्यांत सुशिक्षित लोक होते, डॉक्टरही होते. काही महिन्यांतच शेकडो जण पांगळे झाले. रोगाचे कारण डॉक्टर आर्थर केसलर या बंदिवानानेच ओळखले. पण ताट बदलण्याचा अधिकार त्याच्या हाती नव्हता. ज्ञान असून सत्ता नसेल तर ज्ञानाने पाय वाचत नाहीत.

वर्तनाचीही तीच गोष्ट आहे. डाळ भरपूर गरम पाण्यात काही तास भिजवून ते पाणी फेकावे, पुन्हा नव्या पाण्यात उकळून तेही फेकावे, म्हणजे विषाचा बराच अंश निघून जातो. युक्ती सोपी दिसते. परंतु दिवसभर रोवणीत वाकून दिवेलागणीस घरी आलेल्या बाईस दोनदा पाणी तापविण्यास सरपण कोठून मिळावे? आणि लांबून डोक्यावर आणलेले पाणी तिने फेकावे कसे? आपण तिला निष्काळजी म्हणतो. वस्तुतः तिच्यापाशी वेळ, सरपण व पाणी ही तिन्ही नसतात. पाय जड होऊ लागले तरी पुरुष कामावर जातोच, कारण खाडा पडला की मजुरी बुडते. मजुरी बुडाली की कर्ज, कर्ज झाले की मिळेल ते धान्य पदरात घेणे, आणि त्यातून पुन्हा तोच रोग, असे हे रहाटगाडगे आहे.

मग हा रोग हटला कशाने? 1961 च्या सुमारास लाखोळीच्या विक्रीवर बंदीचा नियम आला. तरी पेरा चालूच राहिला व बेसनात तिची भेसळही होत राहिली. आमच्या मते खरा फरक पडला तो अन्यत्र. 1976 साली वेठबिगार निर्मूलनाचा कायदा झाला, 1977 साली आपल्या राज्याने रोजगार हमीचा कायदा केला, मजुरी रोखीने मिळू लागली, आणि स्वस्त धान्य दुकानातून तांदूळ-गहू गरिबाच्या घरी पोचला. 2013 च्या कायद्याने अंत्योदय कुटुंबास दरमहा 35 किलो धान्याचा हक्क दिला. ताटात भात-पोळी मुख्य झाली आणि लाखोळी पुन्हा नुसती डाळ झाली. आज हा रोग क्वचितच आढळतो, तो यामुळे.

आमची नोकरी महसुलाचे रकाने भरण्यात गेली. पीकपाहणीत लाखोळीचे क्षेत्र लिहिले जाते. ती कोणाच्या ताटात किती गेली, यास तेथे रकाना नाही. तो रकाना आपणच मनात ठेविला पाहिजे. यास्तव सभासद बंधूंस आमची विनंती अशी :

मजुरी रोखीने द्यावी. धान्यच द्यावयाचे तर धान द्यावे, लाखोळी देऊ नये. बी घेताना रायपूरच्या कृषी विद्यापीठाच्या ‘प्रतीक’, ‘महातेवडा’ यांसारख्या कमी विषाच्या जाती पाहाव्यात. मात्र पाण्याच्या ताणाने विष वाढते, म्हणून त्यांवरही आंधळा भरवसा ठेवू नये. ओल पुरत असेल तेथे हरभरा किंवा जवस घ्यावे. डाळ भिजवून, पाणी टाकून शिजवावी. बेसनात भेसळ करणे हे तर उघड पाप होय.

आणि अवर्षणाच्या वर्षी, जेव्हा बांधीत लाखोळीवाचून दुसरे काही उभे नसेल, तेव्हा आपल्याकडे कामास येणाऱ्याच्या घरी काय शिजते आहे, याची एकदा चौकशी करावी. पांगळेपणा येऊन गेल्यावर दिलेली काठी कितीही मजबूत असली, तरी ती वेळेवर दिलेल्या दोन पायली तांदळाची बरोबरी करू शकत नाही.