रेडिओ झोपवण्याचं शास्त्र आणि डस्ट नेटवर्क्स

आधी एक छोटं गणित करू. पेन्सिल सेल घ्या, दोन. साधारण २५०० मिलीअँपिअर-तास. त्यावर सेन्सर नोड चालवायचा आहे, ज्यात सीसी२४२० ही बरीच वर्षं प्रयोगशाळांचा आधार असलेली रेडिओ चिप आहे. ही चिप नुसतं ऐकत बसली तरी १९ मिलीअँपिअरच्या आसपास खाते. भागाकार केला तर सुमारे १३१ तास. साडेपाच दिवस! आणि गंमत म्हणजे या साडेपाच दिवसांत कोणी काही बोललंच नाही तरी सेल संपणारच. बोलणं महाग नाही, वाट बघणं महाग आहे.

पण रेडिओ बंद ठेवला तर शेजारच्या नोडने पाठवलेलं ऐकणार कोण? गेली पंचवीसेक वर्षं आमच्या क्षेत्रातले लोक या एका प्रश्नाभोवती फिरत आहेत, आणि त्याचं माझ्या मते सगळ्यात देखणं उत्तर डस्ट नेटवर्क्स या कॅलिफोर्नियातल्या कंपनीने बाजारात आणलं.

नावात डस्ट का? बर्कली विद्यापीठातले क्रिस पिस्टर १९९० च्या दशकाच्या अखेरीस 'स्मार्ट डस्ट' नावाचा प्रकल्प करत होते. घन मिलीमीटरभर आकाराचा, धुळीच्या कणासारखा संगणक बनवायचा, असं ते स्वप्न. अमेरिकेच्या संरक्षण खात्याच्या डार्पाचा पैसा त्यात होता. कंपनी निघाली ती त्यातूनच. धूळ काही विकली गेली नाही, पण तेलशुद्धीकरण कारखान्यांत वायर न ओढता दाब आणि तापमान मोजणारी नेटवर्क्स मात्र विकली गेली.

उत्तर तसं साधं आहे: वेळापत्रक. दहा मिलीसेकंदांचे स्लॉट पाडायचे. अमुक स्लॉटमध्ये 'अ' बोलेल आणि 'ब' ऐकेल, बाकी सगळे झोपा. सर्वांत मोठं पॅकेटसुद्धा सव्वाचार मिलीसेकंदांत जातं, त्यामुळे पोच द्यायलाही त्याच स्लॉटमध्ये जागा उरते. रेडिओ एकूण वेळेच्या ०.१ टक्का जागा राहिला तर तेच दोन सेल कागदावर १५ वर्षं पुरतात. (कागदावरच. त्याआधी सेल आपोआप उतरतात, आणि झोपलेला नोडही थोडं खातोच.)

वेळापत्रक आलं की घड्याळ आलं. स्वस्त क्वार्ट्झ दशलक्षात वीस भाग चुकतो, म्हणजे साधारण चौदा तासांत एक सेकंद. एक नोड पुढे आणि दुसरा मागे पडत असेल तर दर सेकंदाला ४० मायक्रोसेकंदांचं अंतर. एसटी पकडायला आपण पाच मिनिटं आधी थांब्यावर जातो ना, तसा ऐकणारा नोड एक मिलीसेकंद आधी उठतो आणि नंतर तेवढंच थांबतो. ही सूट २५ सेकंदांत संपते, म्हणून त्याआधी घड्याळ जुळवायलाच हवं. त्यासाठी वेगळे संदेश दरवेळी लागत नाहीत. पॅकेट अपेक्षेपेक्षा किती लवकर किंवा उशिरा आलं, हीच घड्याळाची बातमी.

आता दुसरा भाग, जो मला जास्त आवडतो. २.४ गिगाहर्ट्झच्या लहरीची लांबी साडेबारा सेंटीमीटर. भिंती आणि पाइपांवरून परतलेल्या लहरी एखाद्या ठिकाणी एकमेकींना मारतात आणि तिथे सिग्नल गायब होतो. अँटेना चार बोटं सरकवली तर परत येतो. कारखान्यात नोड रोज कोण सरकवणार? त्याऐवजी चॅनेल बदला. आयईईई ८०२.१५.४ मध्ये या पट्ट्यात १६ चॅनेल आहेत, आणि प्रत्येक स्लॉटमध्ये पुढच्या चॅनेलवर उडी मारायची. शेजारचा वाय-फाय एकावेळी चारेक चॅनेल अडवतो, बाकीची मोकळी असतात.

कंपनी ९९.९९९ टक्के विश्वासार्हतेची जाहिरात करायची. मला आधी ती थाप वाटली. पण बघा: एका प्रयत्नाला यशाची शक्यता ७० टक्केच धरली, तरी दहाही प्रयत्न फसण्याची शक्यता लाखात एकपेक्षा कमी येते. अट इतकीच की प्रयत्न एकमेकांपासून स्वतंत्र हवेत. एकाच खराब चॅनेलवर दहा वेळा ओरडणं म्हणजे दहा प्रयत्न नव्हेत. उड्या मारण्यामुळे ही अट बऱ्यापैकी पाळली जाते.

पुढे ही कल्पना २००७ च्या वायरलेसहार्ट मानकात गेली, मग २०१२ मध्ये आयईईईच्या मानकात टीएससीएच या नावाने. कंपनी २०११ मध्ये लिनिअर टेक्नॉलॉजीने घेतली आणि २०१७ मध्ये लिनिअरसकट अ‍ॅनालॉग डिव्हायसेसकडे गेली. लिनिअरच्या नावाने आलेली त्यांची एलटीसी५८०० चिप ऐकताना फक्त ४.५ मिलीअँपिअर घेते. पण माझ्यासारख्यांचा खरा फायदा मानकाचा. बर्कलीचं ओपनडब्ल्यूएसएन किंवा काँटिकी-एनजी फुकट उतरवून साध्या बोर्डावर हेच चालवता येतं.

आणि ते चालवताना मला त्याची दुखरी नस सापडली. नवा नोड नेटवर्कमध्ये येतो तेव्हा त्याला वेळ माहीतच नसते. तो एका चॅनेलवर सलग ऐकत बसतो. बीकन दहा सेकंदांनी एकदा, तोही १६ चॅनेलवर फिरत, म्हणजे १६० सेकंदांपर्यंत वाट. ०.१ टक्क्याच्या हिशोबात ही जवळपास दोन दिवसांची ऊर्जा. एकदाच असेल तर चालेल. पण आमच्या शेतातल्या चाचणीत एका संध्याकाळी गेटवेची वीज गेली ती दहा तास आली नाही. वेळ देणारा मूळ नोडच गेला, एकेक करून सगळे नोड भटकले आणि रात्रभर रेडिओ उघडा ठेवून बसले. १९ मिलीअँपिअर गुणिले दहा तास, म्हणजे सेलचा आठ टक्क्यांच्या आसपास भाग. वर्षभराहून जास्त काळाचं आयुष्य एका रात्रीत!

कॅलिफोर्नियातल्या कारखान्यात गेटवेला वीज असणार, हे गृहीत धरलं तर चालतं. आपल्याकडे लोडशेडिंगच गृहीत धरावं लागतं. सध्या मी हरवलेल्या नोडला थोडं ऐकून बराच वेळ झोपायला लावून बघतोय. बॅटरी वाचते, पण वीज परत आल्यावर सगळे नोड जुळायला पाऊण तास लागतो, आणि तेवढ्या वेळातलं ओलाव्याचं मोजमाप हातचं जातं. मूळ नोडला वेगळा छोटा सेल देणं हा दुसरा उपाय. पुढच्या महिन्यात दोन्ही शेजारी-शेजारी लावणार आहे.