उभ्या इमारतींची निगा

सार्वजनिक इमारत बांधून पुरी झाली म्हणजे तिचे उद्घाटन होते, संगमरवरी फलकावर नावे कोरली जातात आणि बांधणारा अभियंता दुसऱ्या कामावर निघून जातो. त्या दिवसापासून ती वास्तू ज्याच्या हवाली होते, त्याचे नाव मात्र कोठेही कोरलेले नसते. लष्करी मंडळाकडे असलेली सरकारी बांधकामे १८५४ साली, डलहौसीच्या कारकिर्दीत, स्वतंत्र खात्याकडे आली. तेव्हापासून बांधणे आणि राखणे ही दोन्ही कामे बांधकाम खात्याच्या शिरावर आहेत. मान बहुधा पहिल्याच कामाला मिळत आला आहे.

दिल्लीचे राष्ट्रपती भवन १९२९ साली पुरे झाले. त्यात ३४० खोल्या आहेत आणि भोवतीचे आवार सुमारे ३३० एकरांचे आहे. असा विस्तार पाहिला म्हणजे देखरेखीचे काम अवाढव्य वाटू लागते, आणि मनुष्यबळाच्या दृष्टीने ते तसे आहेही. परंतु इमारत लहान असो वा मोठी, तपासणीला निघालेल्या अधिकाऱ्याच्या मनात प्रथम एकच प्रश्न असतो : पाणी आत कोठून शिरते आणि बाहेर कोठून जाते?

गच्चीवरील पाणी वाहून नेणाऱ्या नळाचे तोंड मूठभर पाल्याने किंवा पारव्याच्या घरट्याने बुजते. पहिल्या मोठ्या सरीला तेथे तळे साचते. साचलेले पाणी एखादा सांधा शोधून काढते आणि खालच्या दालनाच्या छतावर पिवळसर डाग उमटतो. हा डाग पुष्कळदा फसवा असतो. पाणी तुळईच्या कडेने सरकत जाऊन भलतीकडेच उतरते. त्यामुळे डागाच्या नेमके वर खोदकाम करणारा गवंडी चांगली फरशी उगाच फोडतो. डागावरून नुसता रंगाचा हात फिरवणे हा तर निव्वळ लपवाछपवीचा प्रकार होय. आणि बड्या पाहुण्याची भेट जवळ आली की तोच सर्वांत आधी सुचतो.

पाण्याच्या पाठोपाठ पिंपळ येतो. पक्ष्यांच्या विष्ठेतून पडलेले बी कोठल्याही ओल्या फटीत रुजते. वरचे रोप कोयत्याने छाटले तरी आतली मुळी जिवंत राहते, जाड होत जाते आणि दगड बाजूला सारते. ती समूळ काढायची तर कधी कधी दोन-चार दगड उतरवून पुन्हा बसवावे लागतात. पिंपळाला शस्त्र लावण्यास अनेक मजूर कचरतात. त्यांच्या भावनेचा उपहास करण्यापेक्षा रोप वीतभर असतानाच अलगद उपटून आवारात दूर लावलेले बरे. इमारतीचे आणि पिंपळाचेही त्यात हित असते.

दुरुस्तीनेही इमारतीचा घात होतो, हे पुष्कळांना ठाऊक नसते. मुंबईच्या १८७८ साली पुऱ्या झालेल्या उच्च न्यायालयासारख्या जुन्या दगडी इमारती चुन्यात बांधलेल्या आहेत. चुन्याचे सांधे भिंतीतील ओल हळूहळू बाहेर सोडतात. त्यांवर सिमेंट भरले की ही वाट बंद होते. मग ओल दगडातूनच बाहेर पडू लागते, तिच्याबरोबर आलेले क्षार पृष्ठभागाशी साठतात आणि दगडाचे पापुद्रे सुटतात. काँक्रीटच्या इमारतींचे दुखणे निराळे असते. आतल्या सळईला ओल पोहोचली की ती गंजते. गंजाचे आकारमान मूळ लोखंडाच्या दुपटीहून अधिक असल्याने ते सभोवारचे काँक्रीट आतून फोडते. सज्जाखाली दिसणारी तांबूस रेषा ही त्याची पहिली सूचना असते.

प्रत्येक तडा मात्र भयंकर नसतो. त्याची परीक्षा करण्याची जुनी रीत मोठी सोपी आहे. तड्यावर आडवी काचेची पातळ पट्टी दोन्ही टोकांना घट्ट चिकटवायची आणि शेजारी तारीख लिहून ठेवायची. काच अभंग राहिली तर तडा जुना व स्थिर आहे असे समजतात. ती तडकली तर पायाकडे लक्ष द्यावे लागते. येथे आवाराचा संबंध येतो. दख्खनची काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते. भिंतीलगत फुलझाडांचे वाफे करून माळ्याने रोज पाणी सोडले, किंवा मोठे झाड अगदी जवळ वाढू दिले, तर पायाखालची ओल एका बाजूला वाढते वा घटते आणि जोते खचते. म्हणून जोत्याभोवती बाहेरच्या बाजूस उतरती फरसबंदी ठेवतात. बगीचा आणि इमारत यांचे अधिकारी वेगवेगळे असतील, तर हा साधा उतारही वर्षानुवर्षे पत्रव्यवहारात अडकून पडतो.

विजेच्या बाबतीत हयगय झाली, तर ती माणसांच्या जिवावर बेतते. मुंबईत मंत्रालयाच्या चौथ्या मजल्यावर २१ जून २०१२ रोजी आग लागली, वरच्या मजल्यांवर पसरली आणि पाच माणसे प्राणास मुकली. इमारत बांधताना दिवे आणि पंखे यांच्यापुरत्या घातलेल्या तारांवर पुढे वातानुकूलन यंत्रे येतात. भिंतींना लाकडी आवरणे चढतात. जिन्याच्या तोंडाशी जुन्या फायलींची कपाटे उभी राहतात. यांतील प्रत्येक गोष्ट कोणा ना कोणा अधिकाऱ्याच्या सोयीसाठी झालेली असते. ती हटवण्यास सांगणारा अभियंता हुद्द्याने बहुधा त्याच्याहून लहान असतो. देखरेखीतील अवघड भाग तांत्रिक नसून हा आहे.

त्यातच, नव्या बांधकामाच्या पैशाला वाली पुष्कळ असतात आणि काटकसरीची कात्री प्रथम दुरुस्तीच्या रकमेवर चालते. त्यामुळे अनेक ठिकाणी तक्रार आली म्हणजे माणूस पाठवायचा, एवढ्यावरच काम भागवले जाते. गच्चीला मात्र तक्रार करता येत नाही. म्हणून जेथे व्यवस्था चांगली असते, तेथे मे महिन्यात मिस्त्री आणि कनिष्ठ अभियंता दोघेही वर चढतात, नळांची तोंडे मोकळी करतात आणि एकेका तोंडात बादलीभर पाणी ओततात. खाली गटाराशी उभा असलेला मजूर पाणी आल्याची हाक देतो. ज्या नळाची हाक येत नाही, त्याच्यापुढे नोंदवहीत खूण होते आणि तो नळ मृगापूर्वी उतरवला जातो.